‘सोमा’ ते ‘मोक्ष’ : ऑल्डस हक्स्लेची वाट

२२ नोव्हेंबर १९६३ या दिवशी डॅलस येथे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. त्याच दिवशी लॉस एंजलिसमधील एका घरात एकोणसत्तर वर्षांचा एक लेखक कर्करोगाने अंतिम घटका मोजीत होता. त्याची वाचा जवळजवळ गेली होती. कागदावर कशीबशी अक्षरे उमटवून त्याने पत्नीकडे एका औषधाचे इंजेक्शन मागितले. औषध होते एलएसडी, मात्रा शंभर मायक्रोग्रॅम. पत्नी लॉरा हिने ती मात्रा दोन वेळा दिली, उशाशी बसून ती त्याच्याशी हळुवारपणे बोलत राहिली आणि संध्याकाळी त्याने शांतपणे प्राण सोडला. हा लेखक म्हणजे ऑल्डस हक्स्ले.

या एका प्रसंगामुळे व १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डोअर्स ऑफ परसेप्शन’ या छोटेखानी पुस्तकामुळे हक्स्लेचे नाव नशेच्या तत्त्वज्ञानाशी कायमचे जोडले गेले. पुढच्या पिढीतील तरुणांनी त्याला आपला आद्यपुरुष ठरविले. सनातन्यांनी त्याच कारणासाठी त्याला दोषी धरले. दोघांनीही त्याच्या आयुष्याची शेवटची दहा वर्षे पाहिली. त्याआधीची एकोणसाठ वर्षे पाहिल्यावाचून या दहा वर्षांचा अर्थ लागत नाही, असे आम्हाला वाटते.

हक्स्लेचा जन्म २६ जुलै १८९४ चा, इंग्लंडमधील सरे परगण्यातला. आजोबा टॉमस हेन्री हक्स्ले हे डार्विनचे कडवे पाठीराखे. ‘अज्ञेयवादी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यांनीच रूढ केला. आई ज्यूलिया ही कवी मॅथ्यू आर्नल्ड यांची पुतणी आणि स्वतः एका शाळेची संस्थापिका. अशा घरात बुद्धीचे वैभव अपार होते. शोक बोलून दाखविण्याची रीत मात्र नव्हती. १९०८ मध्ये आई कर्करोगाने गेली तेव्हा ऑल्डस चौदा वर्षांचा होता. १९११ मध्ये डोळ्यांच्या विकाराने त्याची दृष्टी जवळजवळ नष्ट झाली. डॉक्टर होण्याचे स्वप्न तेथेच मावळले. तो ब्रेल लिपी शिकला, बोटांनी चाचपडत टंकलेखन यंत्रावर लिहू लागला. पुढे भिंगाच्या आधाराने वाचण्याइतपत दृष्टी परतली, पण निर्दोष अशी ती कधीच झाली नाही.

तिसरा घाव सर्वांत खोल होता. थोरला भाऊ ट्रेव्हेनेन हा घरातला सर्वांत मायाळू मुलगा. परीक्षांतील यश घराण्याच्या अपेक्षेएवढे आले नाही, प्रेमही सफल झाले नाही, आणि मन खचत गेले. शुश्रूषागृहात उपचार चालू असताना १९१४ च्या ऑगस्टमध्ये त्याने आत्महत्या केली. ज्या मुलाकडून फार अपेक्षा केली जाते त्याच्या मनावर केवढे ओझे असते, हे त्या विद्वान घराला फार उशिरा कळले. आपल्याकडील निकालांच्या दिवसांत ही गोष्ट आठवावी अशी आहे.

या तीन आघातांनंतर हक्स्लेने जे कवच धारण केले ते उपरोधाचे. ऑक्सफर्डची पदवी, ईटन येथे अल्पकाळ शिक्षकी (जॉर्ज ऑर्वेल या नावाने पुढे गाजलेला विद्यार्थी त्याच्या वर्गात होता), १९१९ मध्ये बेल्जियन निर्वासित तरुणी मारिया निस हिच्याशी विवाह, आणि मग एकामागून एक चमकदार कादंबऱ्या. ‘पॉइंट काउंटर पॉइंट’ने १९२८ मध्ये त्याची कीर्ती शिखरावर नेली. १९२५ च्या अखेरीस तो मुंबईत उतरला. सरोजिनी नायडू यांची भेट, कानपूरचे काँग्रेस अधिवेशन, आग्र्याचा ताजमहाल, हे सारे त्याने पाहिले. ताजमहाल त्याला आवडला नाही. आणि अध्यात्म हाच भारताचा मूळ शाप आहे, असा निकाल त्याने १९२६ च्या प्रवासवर्णनात देऊन टाकला. १९३२ मधील ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीत त्याने एका गोळीला वेदांतील सोमाचे नाव दिले. ती गोळी घेतली की नागरिक दुःख विसरतो आणि राज्यकर्त्यांचा आज्ञाधारक बनतो. रसायनाने मिळणाऱ्या सुखावर याहून कठोर टीका त्या काळात कोणी केली नसेल.

पण उपरोध हे औषध नव्हे. १९३४ च्या सुमारास हक्स्ले निद्रानाशाने आणि खोल विषण्णतेने ग्रासला गेला. हाती घेतलेली कादंबरी पुढे सरकेना. त्या वर्षांत त्याने शरीराची ठेवण सुधारण्याचे शिक्षण घेतले, मित्र जेरल्ड हर्डबरोबर ध्यानाचा अभ्यास आरंभिला आणि युद्धविरोधी चळवळीत सार्वजनिक काम सुरू केले. अखेर १९३६ मध्ये ‘आयलेस इन गाझा’ पूर्ण झाली. तीतील एका तरुणाची आत्महत्या ही ट्रेव्हेनेनचीच आहे, हे जाणकार ओळखतात. भावाच्या मृत्यूनंतर तब्बल बावीस वर्षांनी हक्स्लेला त्याच्यासाठी रडता आले, असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही.

१९३७ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि कॅलिफोर्नियात स्थिरावला. तेथे रामकृष्ण संघाचे स्वामी प्रभवानंद यांच्या वेदान्त केंद्राशी त्याचा संबंध आला, जे. कृष्णमूर्तींशी स्नेह जुळला. ज्याने अध्यात्माला शाप म्हटले होते त्यानेच १९४४ मध्ये प्रभवानंद व इशरवुड यांच्या गीतेच्या भाषांतराला प्रस्तावना लिहिली. पुढच्याच वर्षी ‘द पेरेनियल फिलॉसफी’ हा सर्व धर्मांतील संतवचनांचा ग्रंथ सिद्ध केला. तथापि तेथेही एक उणीव त्याला जाणवत होती. संतांचे अनुभव त्याला शब्दांनी ठाऊक होते, स्वतःच्या प्रत्ययाने नव्हे.

येथे हम्फ्री ऑझ्मंड हा मानसोपचारतज्ज्ञ प्रवेश करतो. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात मनोरुग्णांवर उपचार करताना तो मेस्कलीनचा अभ्यास करीत होता. हे द्रव्य पेयोटी नावाच्या निवडुंगातून मिळते आणि अमेरिकेतील काही आदिवासी जमाती उपासनेत त्या वनस्पतीचे सेवन करतात. १९५३ च्या मे महिन्यात ऑझ्मंडच्या देखरेखीखाली, मारियाच्या उपस्थितीत, हक्स्लेने चार दशांश ग्रॅम मेस्कलीन पाण्यातून घेतले. फुलदाणीतील तीन फुले, विजारीच्या चुण्या, खुर्चीचे पाय अशा अगदी क्षुल्लक वस्तूंत त्याला अस्तित्वाचे तेज दिसले. सच्चिदानंद या शब्दाचा अर्थ प्रथमच उमगला असे त्याला वाटले. जन्मभर अर्ध्या दृष्टीने जगलेल्या माणसाला पाहण्याचाच साक्षात्कार व्हावा, यातील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. ‘सायकेडेलिक’ हा शब्दही ऑझ्मंडने १९५६ मध्ये हक्स्लेशी चाललेल्या पत्रव्यवहारातूनच घडविला.

आक्षेप तत्काळ आले. ऑक्सफर्डचे धर्माभ्यासक झेनर यांनी १९५७ मध्ये एक ग्रंथच लिहिला. निसर्गाशी तादात्म्य वाटणे वेगळे आणि ईश्वराचे सान्निध्य वेगळे. औषधाने झालेल्या अनुभवातून चारित्र्य घडत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रभवानंदांनाही हा मार्ग मान्य नव्हता. या आक्षेपांत तथ्य आहे. आठ तासांत ओसरणारा आनंद आणि आयुष्यभराची साधना यांना एका तराजूत तोलता येत नाही.

परंतु हक्स्लेच्या जीवनानेच या आक्षेपाला एक उत्तर दिले आहे. १९५५ च्या फेब्रुवारीत मारिया कर्करोगाने अंथरुणाला खिळली. छत्तीस वर्षांची सहचरी. त्याचे डोळे म्हणजे तीच होती, तीच त्याला वाचून दाखवी, तीच गाडी चालवी. शेवटच्या तासांत तो तिच्याजवळ बसला, तिच्या कपाळावर हात ठेवून मंद स्वरात बोलत राहिला. वाळवंटात दोघांनी मिळून पाहिलेल्या प्रकाशाची त्याने तिला आठवण दिली. भूतकाळ सोड, भय सोड, त्या प्रकाशात जा, असे तो तिला विनवीत राहिला. तेथे मेस्कलीन नव्हते, एलएसडी नव्हते. आईच्या व भावाच्या मृत्यूपुढे मुका झालेला मुलगा साठीच्या उंबरठ्यावर अखेर मृत्यूसमोर प्रेमाने बोलू शकला. त्याच्या साऱ्या प्रवासाची खरी परीक्षा येथे झाली आणि तो तीत उतरला.

१९५६ मध्ये त्याने लॉरा आर्चेराशी विवाह केला. १९६१ च्या मे महिन्यात घराला आग लागून ग्रंथसंग्रह, हस्तलिखिते, पत्रे भस्मसात झाली. लिहीत असलेल्या ‘आयलंड’ या कादंबरीचे हस्तलिखित तेवढे वाचले. त्याच वर्षी, कर्करोगाचे निदान झालेले असताना, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीसाठी तो दिल्लीला येऊन गेला. १९६२ मध्ये निघालेल्या ‘आयलंड’मधील औषधाचे नाव आहे ‘मोक्ष’. ते त्या बेटावरील लोक क्वचितच घेतात, तेही शिक्षण, श्रम व ध्यान यांच्या जोडीने. आणि त्याच कादंबरीत लक्ष्मी नावाची स्त्री जवळजवळ मारियासारखीच मृत्यूला सामोरी जाते. ‘सोमा’ने दुःखाचा विसर पडत होता, ‘मोक्ष’ दुःखाकडे डोळे उघडून पाहायला शिकवितो. तीस वर्षांत हक्स्ले जे अंतर चालला ते एवढेच, आणि एवढे मोठे. स्वतः त्यानेही ही द्रव्ये दहा वर्षांत मोजक्याच वेळा घेतली, आणि ती सर्वांना सरसकट वाटण्याच्या टिमोथी लीअरीच्या उत्साहाला आवर घालण्याचा प्रयत्न केला.

त्याच्या मृत्यूनंतर मात्र तो आवर राहिला नाही. १९६० च्या दशकातील अनिर्बंध सेवनाने अनेकांची हानी झाली, १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ही द्रव्ये नियंत्रणाखाली आली, आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने त्यांवर बंदी आहे. तरीही संशोधन पुन्हा सुरू झाले. २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स व न्यूयॉर्क विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी कर्करोगाच्या रुग्णांना विशिष्ट अळंबीतील सायलोसायबिन हे द्रव्य देऊन त्यांची विषण्णता व मृत्युभय कमी झाल्याचे नोंदविले. हे प्रयोग निवडक रुग्णांवर, प्रशिक्षित माणसांच्या सोबतीने झाले. त्यांवरून घरबसल्या अनुकरणाचा परवाना कोणाला मिळत नाही.

हक्स्लेच्या जीवनातून घेण्यासारखे जे आहे त्याला ना परवाना लागतो ना निवडुंग. ट्रेव्हेनेन एकटा पडला. मारिया एकटी पडली नाही, आणि आठ वर्षांनी हक्स्लेही पडला नाही. आपल्या वर्गात, कचेरीत, शेजारच्या खोलीत एखादा ट्रेव्हेनेन गप्प बसलेला असतो. त्याच्याजवळ जाऊन बसणे, त्याचे ऐकणे आणि त्याला वेळेवर डॉक्टरांकडे नेणे, हे काम आजही कोणत्याही औषधावर सोपवता येणार नाही.