पंडिता रमाबाई
पंडिता रमाबाई (जन्म : गंगामूळ, २३ एप्रिल १८५८, मृत्यू : केडगाव, ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, लेखिका व समाजसुधारक होत्या. विधवा, परित्यक्ता आणि दुष्काळग्रस्त स्त्रियांसाठी त्यांनी शारदा सदन व मुक्ती सदन या संस्था स्थापन केल्या.

== बालपण व दुष्काळ ==
रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले. त्यामुळे रोष ओढवल्याने त्यांनी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात आश्रम बांधला. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने तो सोडला व पुराणे सांगत तीर्थयात्रा सुरू केली. या भटकंतीत आईकडून त्यांचे संस्कृताचे शिक्षण झाले. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात कुटुंबाची अन्नान्न दशा झाली. शास्त्राध्ययनाखेरीज उपजीविकेचे कोणतेही साधन त्यांच्याजवळ नव्हते. प्रथम वडील, नंतर आई आणि मग थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. त्यानंतर रमाबाई व बंधू श्रीनिवास हे उपासमार सोसत पायी देशभर हिंडले आणि १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

== विवाह व वैधव्य ==
१८८० मध्ये श्रीनिवास यांचेही निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा हिचा जन्म झाला. फेब्रुवारी १८८२ मध्ये मेधावी पटकीने वारले. वयाच्या चोविसाव्या वर्षाआधीच आई-वडील, बहीण, भाऊ आणि पती असे सर्व निकटचे आप्त रमाबाईंनी गमावले होते.

तान्ह्या मुलीसह त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली.

== परदेशगमन ==
वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. परंतु वाढत्या बहिरेपणामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे त्यांनी चेल्टनम येथील महिला महाविद्यालयात संस्कृत शिकविले. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी १८८७ मध्ये इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ आईच्या स्मृतीस अर्पण केला आहे. त्याच वर्षी बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या नियोजित विधवागृहास दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे मान्य केले.

== शारदा सदन ==
११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई (नंतरच्या आनंदीबाई कर्वे) या येथीलच विद्यार्थिनी होत. धर्मांतराच्या आरोपावरून १८९३ मध्ये मोठा वाद झाला. ‘केसरी’ने टीका केली, न्या. म. गो. रानडे व रा. गो. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक मुलींना पालकांनी परत नेले. दुसरीकडे, धर्ममतांबाबतच्या स्वतंत्र भूमिकेमुळे इंग्लंडमधील चर्चच्या वरिष्ठांशीही त्यांचे मतभेद झाले होते. हिंदू समाज दुरावला आणि चर्चशी खटके उडाले, तरी त्यांनी सदन चालू ठेवले.

== मुक्ती सदन ==
१८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस-बावीस वर्षांपूर्वी स्वतः भोगलेली उपासमार स्मरणात असल्याने रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि निराधार मुली व तरुण विधवांना घेऊन आल्या. त्यांची व्यवस्था पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील शेतजमिनीवर करण्यात आली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांहून अधिक झाली.

येथे लिहिण्या-वाचण्याबरोबरच शेती, विणकाम, शिवणकाम, दुग्धव्यवसाय व छपाई शिकविली जाई. ज्या कौशल्यांच्या अभावी डोंगरे कुटुंब दुष्काळात असहाय झाले होते, तीच या शिक्षणाच्या केंद्रस्थानी होती. अंध मुलींना मनोरमा ब्रेल लिपी शिकवीत असत.

== अखेरचा काळ ==
उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्याची छपाई सदनातील स्त्रियांनीच केली. १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये, संस्थेची धुरा जिच्यावर सोपवायची त्या मनोरमेचे निधन झाले. या आघातानंतरही त्यांनी भाषांतराचे काम पूर्णत्वास नेले व त्यानंतर अल्पावधीतच केडगाव येथे त्यांचे निधन झाले. मुक्ती सदनाचे कार्य त्यांच्या पश्चातही चालू राहिले. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले.