विश्लेषण : आइन्स्टाईनशी वाद घालणारे बर्गसाँ आजही का महत्त्वाचे?

घड्याळ मोजते तोच खरा काळ, की आपण जगतो तो? याच प्रश्नावरून ६ एप्रिल १९२२ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ आणि अल्बर्ट आइन्स्टाईन यांचा वाद झाला.

कोण होते बर्गसाँ?
जन्म १८५९, पॅरिस. गणितात हुशार, पण वळले तत्त्वज्ञानाकडे. त्यांच्या व्याख्यानांना तोबा गर्दी होई. १९२७ चे साहित्याचे नोबेलही त्यांना मिळाले.

त्यांचे म्हणणे काय?
मोबाइलवरचा व्हिडिओ म्हणजे स्थिर चित्रांची रांग. आयुष्य तसे नसते. कालचा क्षण आजच्यात मुरत जातो. वस्तू आधी, बदल नंतर, ही तत्त्वमीमांसेतील जुनी मांडणी त्यांनी उलटवली. बदल हेच मूळ, असे ते म्हणत.

विस्मरण का?
सापेक्षतावाद त्यांना कळलाच नाही, हा समज रूढ झाला. गतिमान घड्याळांबाबत ते चुकलेही. १९४१ मध्ये नाझीव्याप्त पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. १९६६ मध्ये जिल दलझ यांच्या पुस्तकाने त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वेधले.

आज महत्त्व काय?
भविष्य आधीच ठरलेले असेल, तर आपल्या निर्णयांना अर्थ काय? भौतिकशास्त्रातील त्यांची चूक सिद्ध झाली, तरी हा प्रश्न निकाली निघालेला नाही.