रंगांची साक्ष काढणारा रॉबर्ट बॉईल

पोलिओ लसीकरणाच्या दिवशी वसई-विरारमधील एखाद्या बूथवर बाळाच्या तोंडात दोन थेंब पडण्यापूर्वी परिचारिका हातातील कुपीकडे एकवार निरखून पाहते. कुपीवर एक वर्तुळ छापलेले असते आणि त्याच्या मध्यभागी एक फिकट चौकोन. लस जितकी अधिक काळ उष्णतेत राहील, तितका तो चौकोन गडद होत जातो. तो भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी वापरायची नाही, असा दंडक आहे. पोलिओच्या कुपीवर ही खूण १९९६ साली आली. लस गोदामातून निघाल्यापासून बूथवर पोहोचेपर्यंत वाटेत उन्हात किती वेळ राहिली, हे विचारायला कोणी साक्षीदार नसतो. तो रंगच साक्ष देतो.

पदार्थाच्या अंतरंगात झालेला बदल डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावरून ओळखावा, ही कल्पना फार जुनी आहे. हळदीचा डाग साबणाने धुवायला घेतला की लाल होतो, हे आपल्याकडे प्रत्येक घरात ठाऊक असते. हळदीवर चुन्याची वा टाकणखाराची प्रक्रिया करून लाल कुंकू बनवणारे कारागीरही हाच गुण पिढ्यान् पिढ्या वापरत आले. युरोपातील रंगारी आणि औषधविक्रेतेही असे अनेक चमत्कार जाणून होते. परंतु या विखुरलेल्या माहितीची शिस्तबद्ध कसोटी बनवण्याचे श्रेय प्रामुख्याने रॉबर्ट बॉईल या सतराव्या शतकातील शास्त्रज्ञाकडे जाते. शाळेच्या पुस्तकातून त्याची ओळख होते ती वायूचा दाब आणि आकारमान यांच्या नियमामुळे. रंगांवरील त्याचे काम त्या मानाने अपरिचितच राहिले.

बॉईलचा जन्म २५ जानेवारी १६२७ रोजी आयर्लंडमधील लिझमोर येथील गढीत झाला. त्याचे वडील रिचर्ड बॉईल हे कॉर्कचे पहिले अर्ल आणि त्या काळातील अत्यंत धनाढ्य गृहस्थ. इंग्लंडमधून रिकाम्या हाताने आयर्लंडला जाऊन त्यांनी तेथील विस्तीर्ण जमिनी आपल्या ताब्यात आणल्या होत्या. रॉबर्ट हे त्यांचे चौदावे अपत्य. तो अवघ्या तीन वर्षांचा असताना आई निवर्तली. लहानपणीच तो अडखळत बोलू लागला आणि हा दोष त्याला कायम राहिला. आठव्या वर्षी त्याला ईटनच्या शाळेत धाडण्यात आले आणि बाराव्या वर्षी भाऊ व शिक्षक यांच्यासह तो युरोपच्या प्रवासाला निघाला. गॅलिलिओने जानेवारी १६४२ मध्ये फ्लॉरेन्सजवळ देह ठेवला, त्या हिवाळ्यात हा मुलगा त्याच शहरात राहून त्याच्या विचारांचा अभ्यास करीत होता.

त्याच सुमारास आयर्लंडमध्ये बंड पेटले, घरून येणारा पैसा थांबला आणि १६४३ साली वडीलही गेले. १६४४ मध्ये इंग्लंडला परतलेल्या बॉईलने डॉर्सेटमधील स्टॉलब्रिज या वारसाहक्काने मिळालेल्या वाड्यात प्रयोगशाळा थाटली. त्याला उपजीविकेची चिंता नव्हती. आयरिश जमिनींचा वसूल येतच होता. हा पैसा ज्या रयतेकडून येत होता, तिच्या दैन्याची सावली या वैभवावर होती, हेही विसरता येत नाही. १६५४ च्या सुमारास एका गंभीर आजाराने त्याची दृष्टी कायमची अधू केली. पुढील आयुष्यात त्याला बहुतेक लेखन लेखनिकांना सांगून करावे लागले. ज्याने जगाला रंग पारखायला शिकवले, त्याचे स्वतःचे डोळे असे दुबळे होते.

१६५५-५६ च्या सुमारास तो ऑक्सफर्डला गेला आणि त्याच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी काळ सुरू झाला. रॉबर्ट हुक या तरुण व कुशल मदतनिसाच्या साह्याने त्याने १६५९ मध्ये निर्वात पंप सिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी हवेसंबंधीचे त्रेचाळीस प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १६६० मध्येच लंडनमध्ये रॉयल सोसायटीची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत तोही होता. १६६१ मध्ये त्याचा रसायनशास्त्रावरील सुप्रसिद्ध ग्रंथ निघाला, तर १६६२ मध्ये त्याच्या नावाने ओळखला जाणारा वायूचा नियम मांडला गेला.

रंगांवरील त्याचा ग्रंथ आला १६६४ मध्ये. त्यातील एक प्रयोग कोणाही गृहिणीला करता येईल इतका सोपा आहे. औषधविक्रेत्याकडे मिळणारे व्हायोलेट फुलांचे निळसर सरबत घ्यायचे आणि त्याचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकायचा. त्यावर व्हिनेगर किंवा अन्य आम्लाचे दोन-तीन थेंब पडले की तो लाल होतो; अल्कलीचे थेंब पडले की हिरवा. बॉईलने अनेक आम्ले आणि अनेक अल्कली या एकाच कसोटीवर घासून पाहिल्या. लिटमससारखे इतर वनस्पतिज रंगही त्याने तपासले. त्यातून त्याला दिसले की हे बदल लहरीने होत नाहीत. एका जातीचे पदार्थ एका दिशेने रंग पालटवतात, दुसऱ्या जातीचे दुसऱ्या दिशेने, आणि काही पदार्थ दोन्हीपैकी काहीच करीत नाहीत. आम्ल, अल्कली आणि उदासीन ही विभागणी त्यामुळे चवीवर वा ऐकीव माहितीवर अवलंबून राहिली नाही.

या कामाचे मोल केवळ रसायनशास्त्रापुरते नाही. तोवर द्रव्याची परीक्षा हा जाणत्यांचा मक्ता होता. औषध शुद्ध आहे की भेसळीचे, हे विकणाराच सांगणार आणि घेणाऱ्याने ते मानायचे. बॉईलने कृती तपशीलवार लिहून वाचकाच्या हाती कसोटी दिली. अर्थात तोही आपल्या काळाचाच माणूस होता. हलक्या धातूचे सोने करता येईल, यावर त्याचा विश्वास होता. त्यासंबंधीचा जुना मनाई कायदा १६८९ मध्ये रद्द व्हावा म्हणून त्याने खटपट केली आणि काही कृती तर त्याने गुप्तच ठेवल्या.

१६६८ मध्ये तो लंडनला आपली थोरली बहीण लेडी रॅनेला कॅथरीन हिच्या घरी राहायला आला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. त्याने लग्न केले नाही. बहीण विदुषी होती आणि त्याच्या कामात तिला गती होती. याच वर्षी इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. पुढे १६७० च्या दशकात बॉईल या कंपनीच्या कारभारी मंडळावर होता. मुंबई पोर्तुगीजांकडे होती तोवर तिच्यावर हुकूम चाले तो वसईचा, कारण वसई ही त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला, तोवर बॉईलला जाऊन जवळजवळ अर्धे शतक उलटले होते. लंडनमधील या शास्त्रज्ञाचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध असा व्यापाराच्या वाटेने आला. कंपनीने केवळ नफा न पाहता पूर्वेकडे धर्मप्रसारही करावा, असा त्याचा आग्रह होता. मलय भाषेतील शुभवर्तमानांच्या छपाईचा खर्च त्याने उचलला.

१६७० मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, तरी काम थांबले नाही. १६८० मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद चालून आले असता शपथ घेण्याविषयीच्या धार्मिक संकोचामुळे त्याने ते नाकारले. १६८५ मध्ये त्याने खनिज जलांवर पुस्तक लिहिले. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांप्रमाणे इंग्लंडमध्येही काही झऱ्यांचे पाणी औषधी मानले जाई. त्या पाण्यात खरोखर काय आहे, हे बॉईलला हवे होते. आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात त्या मायफळाचा अर्क लोहयुक्त पाण्यात काळसर रंग देतो. अशा खुणांनी पाण्याची परीक्षा करता येते. गोड्या पाण्यात मिठाचा अंश आहे का, हे ओळखण्याची त्याची रीत त्याच्या मृत्यूनंतर १६९३ मध्ये प्रसिद्ध झाली. नायट्रिक आम्लात चांदी विरघळवून केलेल्या द्रावाचा थेंब खाऱ्या पाण्यात पडला की ते दुधासारखे पांढरे होते. विहिरीत समुद्राचे पाणी शिरण्याची धास्ती ज्यांना आहे, त्या वसईच्या बागायतदारांना या कसोटीचे महत्त्व सांगायला नको. आजही प्रयोगशाळेत पाण्यातील क्लोराइड मोजताना चांदीचाच क्षार वापरला जातो.

२३ डिसेंबर १६९१ रोजी कॅथरीनचे निधन झाले आणि आठवड्याभरात, ३१ डिसेंबर रोजी, बॉईलनेही जगाचा निरोप घेतला. सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले. पुढे ते जुने चर्च पाडले गेले आणि आज त्याची कबर कोठे आहे, हे दाखवता येत नाही.

त्याच्या कसोट्या मात्र टिकल्या आणि वाढल्या. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने पीएच मापन आणले आणि आम्लता अंकांत सांगता येऊ लागली. दमट हवेत निळ्याचा गुलाबी होणारा कोबाल्टचा क्षार यंत्रांच्या खोक्यांत ठेवला जाऊ लागला. रुग्णालयात वाफेने निर्जंतुक केलेल्या गाठोड्यावरील पट्टीचे पट्टे काळे पडतात. मासळी शिळी होताना सुटणाऱ्या अल्कधर्मी वायूंनी रंग पालटणाऱ्या खुणा वेष्टनासाठी तयार झाल्या आहेत. ही तर थेट बॉईलच्या व्हायोलेटच्या थेंबाची वंशज. लसीच्या कुपीवरील चौकोनाचे रसायन निराळे आहे. तेथे उष्णतेने रेणू एकमेकांना जोडले जाऊन रंग गडद होतो. पण तत्त्व तेच. विकणाऱ्याच्या वा पोहोचवणाऱ्याच्या शब्दावर विसंबून न राहता वापरणाऱ्याला स्वतः पाहता आले पाहिजे. मात्र तो चौकोन केवळ उष्णतेची हकिगत सांगतो. मुदत उलटली आहे की नाही, हे कुपीवरील तारखेवरूनच कळते. कोणती खूण काय सांगते आणि काय सांगत नाही, एवढे आपण जाणून घेतले पाहिजे.