आचार्य धर्मानंद कोसंबी : ध्येयाच्या शोधातील आयुष्य

आपल्या वसतिगृहाच्या प्रवेशअर्जात शेवटी एक रकाना असतो. पुढे काय होण्याची इच्छा आहे, असा तो प्रश्न. दर जून महिन्यात जुन्या जालन्यातील या आवारात अंबड, भोकरदन, परतूर, मंठा अशा तालुक्यांतून मुले येतात, आणि तो रकाना बहुधा वडीलच भरतात : डॉक्टर, कलेक्टर, इंजिनिअर, फौजदार. एके वर्षी एका मुलाने तो कोरा ठेवला. विचारल्यावर त्याने खाली मान घालून आपल्याला ठाऊक नाही असे सांगितले. अर्ज अपुरा दिसू नये म्हणून आम्हीच त्या जागी शिक्षक असा शब्द लिहून मोकळे झालो. ती गोष्ट आमच्या मनाला आजही लागून राहिली आहे. त्या मुलाला आम्ही त्या वेळी जे चरित्र सांगायला हवे होते, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगत आहोत. उशीर झाला आहे, हे आम्हांस मान्य आहे.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. घराणे सारस्वत ब्राह्मणाचे, उपजीविका नारळीच्या बागायतीवर. प्रकृती लहानपणापासून नाजूक. शिक्षण म्हणावे तर मराठी लिहिण्यावाचण्यापुरते. इंग्रजी नाही, संस्कृत नाही, कोणतीही परीक्षा नाही. १८९१ साली, वयाची पंधरा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, लग्न झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. पुढे घरची बागायत पाहणे, माडांना पाणी, नारळांचा हिशेब, हेच त्यांचे काम ठरून गेले.

या तरुणाला त्या आयुष्यात सुख वाटत नव्हते आणि त्याऐवजी काय हवे तेही सांगता येत नव्हते. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची वर्षे ही आहेत, आणि चरित्रलेखक नेमके येथूनच घाईने पुढे जातात. ज्ञान मिळवावे अशी तळमळ होती. पण कशाचे ज्ञान, कोणाकडून, कशासाठी, याचा पत्ता नव्हता. तुकोबांची गाथा त्यांनी जवळ केली. घर सोडून शिकायला जावे म्हणून ते एकदा नव्हे, अनेकदा बाहेर पडले आणि परत आले. गावाने अशा मुलाविषयी काय म्हटले असेल, हे आपल्याकडच्या पालकांस सांगावयास नको. बाराव्या इयत्तेनंतर दोनदा शाखा बदलणाऱ्या मुलाविषयी आपणही तेच म्हणतो.

पुढे जे घडले ते एका मासिकामुळे. बालबोधमेवा हे अमेरिकन मिशनने चालविलेले लहान मुलांचे मासिक. एका ख्रिस्ती संस्थेच्या या बालमासिकात भगवान बुद्धांविषयीचा एक लेख कोसंबींच्या वाचनात आला, आणि त्यांच्या तळमळीला प्रथमच एक नाव मिळाले. हा कोण पुरुष, त्याने नेमके काय शिकविले, आणि ते मुळातून कोठे वाचावयास मिळेल? त्या काळी हा प्रश्न साधा नव्हता. आपल्या मुलखातील लेणी तशीच उभी होती, पण त्यांत भिक्षू नव्हते. पाली शिकविणारी शाळा महाराष्ट्रात नव्हती. आपल्या भोकरदनचेच पाहा. प्राचीन भोगवर्धन ते हेच, आणि तेथील रहिवाशांनी सांची व भरहुत येथील स्तूपांना दिलेल्या दानाचे शिलालेख आजही वाचता येतात. पण कोसंबींच्या तरुणपणी भोकरदनात उभे राहून बुद्धांविषयी विचारले असते, तर उत्तर कोणाकडे होते?

१८९९ च्या अखेरीस कोसंबींनी घर सोडले, आणि या वेळी ते मागे फिरले नाहीत. नुकतीच मुलगी झालेली होती. ही गोष्ट येथे झाकून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. सिद्धार्थाच्या गृहत्यागाशी तुलना करून तिला उजाळा देण्याचीही आमची इच्छा नाही. बाळाबाईंनी त्यानंतर जवळजवळ सात वर्षे तान्ह्या मुलीसह काढली. त्या वर्षांचे चरित्र कोणी लिहिलेले नाही. धर्मानंदांच्या विद्वत्तेचे मोल सांगताना तिचा एक हप्ता त्या माउलीने भरला, एवढे तरी आपण लक्षात ठेवले पाहिजे.

घर सोडताना त्यांच्यापाशी योजना अशी नव्हती. बौद्ध धर्म जाणून घ्यायचा हे दूरचे ठिकाण. पण त्यासाठी आधी संस्कृत यावे लागेल अशी त्यांची समजूत होती, म्हणून जवळचे पाऊल पुण्याकडे. पुण्यात त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व प्रार्थना समाजाची मंडळी यांचा आधार मिळाला. तेथून ग्वाल्हेर, ग्वाल्हेरहून काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांच्या पायाशी बसून व्याकरण घोकायचे, असा क्रम चालला. पंचविशीतला, घरी बायकामूल असलेला माणूस लहान विद्यार्थ्यांच्या पंगतीला बसून पाठांतर करीत होता. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, किंवा वाटला असला तरी त्यांनी तो गिळला.

संस्कृत आले, पण संस्कृतात त्यांना हवे असलेले बुद्ध सापडेनात. मग १९०२ साली ते नेपाळात गेले. ही बुद्धांची जन्मभूमी, येथे तरी धम्म जिवंत असेल, अशी आशा होती. तेथील अवस्था पाहून त्यांची घोर निराशा झाली. दोन वर्षे खपून जे गाठले ते चुकीचे ठिकाण निघाले. अशा जागी बहुतेक माणसे परत फिरतात. कोसंबी नेपाळातून उतरले आणि बोधगयेस गेले. तेथे एका भिक्षूकडून त्यांना कळले की बुद्धवचनांचा अभ्यास करावयाचा तर सिंहलद्वीपास जावे. तेथे पाली भाषेतील त्रिपिटक शिकविले जाते. कलकत्त्याला महाबोधी सभेच्या लोकांचे साहाय्य घेऊन ते श्रीलंकेला पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांचे शिष्य झाले. त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली. साखवाळला जो प्रश्न मनात उठला, त्याचे उत्तर ज्या भाषेत होते तिची अक्षरे त्यांनी अशी सव्विसाव्या वर्षाच्या आसपास गिरवावयास घेतली.

सुत्तनिपातात एक कथा आहे. गोदावरीकाठच्या बावरी नावाच्या वृद्ध आचार्याने आपले सोळा शिष्य प्रश्न घेऊन बुद्धांकडे पाठविले, आणि ते पैठणमार्गे उत्तरेकडे चालत गेले. आपल्या जिल्ह्याची दक्षिण सीमा तीच गोदावरी आहे. त्या सोळा जणांपाशी प्रत्येकी एक प्रश्न होता, आणि मगधापर्यंत चालण्यास तेवढी शिदोरी पुरली. कोसंबींचा प्रवास वाचताना आम्हांस ही कथा वारंवार आठवते.

सिंहलद्वीपातील अन्नपाणी त्यांच्या प्रकृतीस मानवले नाही. ते मद्रासला आले, तेथून ब्रह्मदेशात गेले, तेथे त्यांनी भिक्षूची उपसंपदा घेतली आणि ध्यानाभ्यास केला. मग कुशीनगर, काशी, बोधगया. या भ्रमंतीचा तपशील त्यांनी पुढे निवेदन या आत्मचरित्रात दिला आहे. आपल्या ग्रंथालयात ते पुस्तक असेल तर दहावीच्या मुलांच्या हाती आवर्जून द्यावे. नसेल तर माजी विद्यार्थ्यांनी ते भेट द्यावे, अशी आमची विनंती आहे.

१९०६ साली त्यांनी चीवर उतरविले. ज्यासाठी देशोदेशी हिंडलो ते मिळाले, आता ते आपल्या लोकांना दिले पाहिजे, आणि त्या कामासाठी गृहस्थाचे जीवन अधिक सोयीचे, असा त्यांचा निर्णय झाला. आयुष्याचे ध्येय एकदा ठरले की त्याचे बाह्य रूप बदलू नये, असे पुष्कळांस वाटते, आणि म्हणून चीवर सोडणे हा त्यांना पराभव वाटेल. कोसंबींनी तसे मानले नाही. कलकत्त्यात ते प्रथम नॅशनल कॉलेजात आणि मग कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवू लागले. त्याच वर्षी ते गोव्याला जाऊन कुटुंबास भेटले. ३१ जुलै १९०७ रोजी त्यांना पुत्र झाला. गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी ते हेच.

आता त्यांच्यापाशी चांगली नोकरी होती. अशा वेळी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला : महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे, अभ्यास करावा, ग्रंथ लिहावेत, दरमहा ५० रुपये मिळतील. विद्यापीठात राहिले असते तर मिळकत याहून पुष्कळ अधिक होती. शाळेची पायरी धड न चढलेला माणूस विद्यापीठाच्या खुर्चीवर बसला होता. ती खुर्ची सोडू नकोस असे कोणत्याही हितचिंतकाने सांगितले असते. आम्हीही तेच सांगितले असते. पण मराठी माणसाला मराठीत बुद्ध सांगावयाचा, हे त्यांचे काम बंगालात राहून होण्यासारखे नव्हते. त्यांनी ५० रुपये पत्करले. दहा वर्षांपूर्वी ज्याला आपणास काय हवे ते सांगता येत नव्हते, त्याला आता काय नको ते क्षणात सांगता येत होते.

त्या निर्णयातून मराठीला जे मिळाले ते मोठे आहे. १९१० साली बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांचे बुद्ध, धर्म आणि संघ हे पुस्तक झाले. पुढे बुद्धलीलासारसंग्रह, समाधिमार्ग, बौद्ध संघाचा परिचय हे ग्रंथ आले. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले.

दरम्यान अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतले. बुद्धघोषाचार्यांच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या संपादनाचे काम वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताच्या मृत्यूने अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यासाठी कोसंबी १९१० पासून १९३२ पर्यंत चार वेळा अमेरिकेस गेले. काम सरळ झाले नाही. तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी ग्रंथावर कोणाचे नाव कसे असावे यावरून मतभेद झाले आणि ते मध्येच परत आले, पुन्हा गेले. या काळात त्यांनी तेथे समाजवादाचे वाचन केले. रशियात लेनिनग्राडलाही ते जाऊन आले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरून त्यांनी तुरुंगही पाहिला. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. जन्माने ब्राह्मण असलेल्या या पंडिताने विहारासाठी कोणती वस्ती निवडली आणि त्याला कोणते नाव दिले, याची नोंद आपल्या समाजाने घ्यावी.

१९४०-४१ मध्ये त्यांचा भगवान बुद्ध हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांना पाहून सिद्धार्थाने एका रात्रीत घर सोडले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कोसंबींनी जुनी सुत्ते तपासून ती नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटे होत, माणसे आटत्या पाण्यातील माशांप्रमाणे एकमेकांवर तुटून पडत, ते पाहून सिद्धार्थाच्या मनात उद्वेग साठत गेला, असा अर्थ त्यांनी मांडला. बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीच्या पाण्याचाच तंटा येतो. टँकरच्या रांगेत वाढलेल्या आपल्या मुलांना ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही. आम्हांस मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याचे स्वतःचे ध्येय वर्षानुवर्षे, चुकत, परत फिरत घडले, त्या अभ्यासकाला तथागतांचे ध्येयही एका रात्रीत ठरले असेल हे खरे वाटले नाही.

शेवटची वर्षे आजारात गेली. शरीराने काम होईनासे झाले तेव्हा त्यांनी अन्नत्यागाचा निश्चय केला, आणि जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आले होते. त्या शेवटाविषयी तेव्हाही मतभेद होते. गांधीजींनी त्यांना पूर्वी एकदा अशा उपवासापासून परावृत्त केले होते. आमच्या मनासही तो निर्णय पटत नाही.

ज्या विसुद्धिमग्गासाठी ते चारदा समुद्र ओलांडून गेले, त्याची देवनागरी आवृत्ती त्यांच्या हयातीत, १९४० साली, मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली. हार्वर्डची आवृत्ती निघाली ती १९५० मध्ये, ते गेल्यावर तीन वर्षांनी, वॉरन यांच्या नावासोबत त्यांचे नाव घेऊन. त्याच १९५० साली औरंगाबादला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, जे आज आपण मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखतो. जालन्याहून तेथे जायला मीटरगेजची गाडी होती. आपल्या वस्त्यांतील घराघरांतून कोणी ना कोणी त्या गाडीने गेले. त्यांतल्या कितीतरी जणांना आपण काय शिकणार आहोत हे तेथे पोहोचेपर्यंत ठाऊक नव्हते. या वर्षीच्या अर्जातून तो शेवटचा रकाना आम्ही काढलेला नाही. फक्त त्याखाली एक ओळ वाढविली आहे : सध्या कोणता प्रश्न पडला आहे, ते लिहावे.