पदवीच्या दारावरील पहारा

महाविद्यालयांत प्रवेश मिळाला म्हणजे विद्यार्थ्यास समान न्याय मिळाला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती किती अपुरी आहे हें गणितज्ञ जेम्स जोसेफ सिल्वेस्टर यांच्या चरित्रावरून दिसतें; म्हणून तें आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

सिल्वेस्टर यांचा जन्म १८१४ सालीं लंडन येथें एका यहुदी कुटुंबांत झाला. १८३१ त ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत दाखल झाले. तेथें व्याख्यानें ऐकण्यास व परीक्षेस बसण्यास परधर्मीयांना आडकाठी नव्हती. १८३७ च्या गणिताच्या परीक्षेंत त्यांनीं दुसरा क्रमांक मिळविला. परंतु पदवी घेण्यापूर्वीं आपण इंग्लंडच्या राजमान्य ख्रिस्ती पंथाचे आहों असें सांगावें लागे. सिल्वेस्टर यांना तें सांगणें शक्य नव्हतें. म्हणून पदवी नाहीं, आणि पदवी नाहीं म्हणून फेलोशिपही नाहीं! परीक्षकांनीं ज्यांची बुद्धि मान्य केली, त्यांस विद्यापीठानें रिकाम्या हातीं परत पाठविलें.

पुढें १८३८ त, धर्माची अट न घालणाऱ्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजानें त्यांस अध्यापक नेमिलें. १८४१ त डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजानें पदवी दिली. तरी नंतर सुमारें दहा वर्षें या थोर गणितज्ञास विमा कंपनीचे हिशेब करून निर्वाह करावा लागला. केंब्रिजची साधी पदवी १८५६ च्या कायद्यानें, व फेलोशिप १८७१ च्या कायद्यानें सर्वांस खुली झाली. सिल्वेस्टर यांस तेथील पदवी १८७२ त मिळाली, तेव्हां परीक्षेस पस्तीस वर्षें लोटलीं होतीं. यांत तोटा एकट्या त्यांचाच झाला नाहीं. १८७६ पासून त्यांच्या अध्यापनाचा लाभ अमेरिकेंतील बाल्टिमोरच्या विद्यार्थ्यांस झाला, केंब्रिजला नव्हे. १८८३ त ऑक्सफर्डनें त्यांस भूमितीचे प्राध्यापक नेमिलें. १८९७ त ते निवर्तले.

मुंबई विद्यापीठ १८५७ त लंडनच्या धर्तीवर स्थापन झालें. त्यामुळें ही अट आमच्या वाट्यास आली नाहीं. सरकारी वा सरकारी मदतीच्या संस्थेंत धर्मावरून प्रवेश नाकारण्यास आपल्या राज्यघटनेनेंही मनाई केली आहे. पण अट कागदावरून गेली म्हणजे व्यवहारांतून गेली असें नव्हे. वसतिगृहांत खोली देतांना आडनांव पाहणें, अल्पसंख्य समाजाच्या मोठ्या सणाच्याच दिवशीं परीक्षा ठेवणें, खानावळींत एखाद्याचें पान वेगळें मांडणें, हाही पदवीच्या दारावरील पहाराच होय. तो उठविण्यास नव्या कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. संस्थाचालकांनीं मनावर घेतलें तर येत्या सत्रापासूनच तो उठेल.