चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांचे अल्पचरित्र

ज्या घरचा मुलगा अभ्यास सोडून कोळशाने भिंतीवर चित्रे काढीत बसतो, त्या घरी आईबापांस एकच चिंता लागते, की याने पुढे पोट कसे भरावे? आमच्या समुद्रपुराकडील कापसाच्या मुलखात ही चिंता अधिकच खरी आहे. म्हणून ज्युबिलीच्या या स्मरणिकेत, संतचरित्रांच्या शेजारी, आम्ही एका चित्रकाराचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव या बेटावर एका सधन कॅथोलिक कुटुंबात झाला. घरच्यांच्या मनातून त्यांनी वैद्य व्हावे असे होते, व त्याप्रमाणे ते मुंबईस वैद्यकीय शिक्षण घेऊ लागले. परंतु ते शिक्षण अर्ध्यावर टाकून त्यांनी सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची वाट धरली. तेथेही पाश्चात्त्य धाटणीच्या शिकवणीत त्यांचे मन रमेना. लोकांनी त्यांस चंचल म्हटले असल्यास नवल नाही. आमचे मत निराळे आहे. जो एक गोष्ट धरू पाहतो, त्यास दुसऱ्या पुष्कळ सोडाव्या लागतात.

मुंबईहून ते बंगालमध्ये गेले. कलकत्त्यास अवनींद्रनाथ ठाकूर व शांतिनिकेतनास नंदलाल बोस यांच्या हाताखाली त्यांनी धडे घेतले. नंदलालबाबूंचे नाव आमच्या जिल्ह्यातील वाचकांस अगदीच परके वाटू नये. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळील शेगावी, म्हणजे पुढील सेवाग्रामी, राहावयास आले, आणि त्याच वर्षीच्या फैजपूर काँग्रेसचे नगर बांबूसारख्या साध्या गावठी साहित्याने सजविण्याचे काम त्यांनी नंदलालबाबूंकडेच सोपविले होते.

या बंगाली गुरूंची जलरंगाची रीत मोठी सोशिक आहे. कागदावर रंग द्यावा, तो वाळू द्यावा, मग सगळा कागद पाण्यात भिजवावा; सुटा रंग वाहून जातो, मुरलेला तेवढा राहतो; त्यावर पुन्हा रंग, पुन्हा पाणी. असे अनेकदा केले म्हणजे चित्रावर पहाटेच्या धुक्यासारखी मऊ छटा उतरते. घाई करणाऱ्याचे येथे काम नाही. फोन्सेका ही रीत शिकले, आणि आम्हांस वाटते, पुढील आयुष्यात लागणारे धैर्यही त्यांस याच भिजविण्या-वाळविण्यात मिळाले.

१९३० च्या सुमारास ते गोव्यास परतले. प्रभू येशू व पवित्र मरिया यांची चित्रे त्यांनी देशी रूपात काढली: माता सावळी, अंगावर लुगडे, भोवती आपल्याकडचीच घरे व अंगणे. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात देवळांतील मूर्ती गोऱ्या, त्यांचा वेष युरोपी. त्याचीच सवय झालेल्या पुष्कळ भाविकांस व धर्मगुरूंस ही चित्रे रुचली नाहीत. अनादर झाला, असेही बोलले गेले. हा घाव कठीण होता. परक्याने हसावे ते सोसते. परंतु ज्यांच्या भक्तीसाठी चित्र काढावे त्यांनीच तोंड फिरविले, म्हणजे कुंचला हातात धरवत नाही.

त्यांनी तो खाली ठेवला नाही. गाव मात्र सोडला. पुण्यास शिवाजीनगरात ख्रिस्तप्रेमसेवा संघाचा आश्रम होता. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी स्थापिलेल्या या संघाची राहणी देशी व साधी असे. पंथ वेगळा असूनही तेथे या कॅथोलिक चित्रकारास निवारा मिळाला, व तेथेच वर्षानुवर्षे त्यांचे काम चालले. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील येशूसंघीय इतिहासपंडित फादर हेन्री हेरास यांनी त्यांस उत्तेजन दिले. असे पाठीराखे थोडेच होते, पण तेवढ्यांवर निभावले. येथे एक गोष्ट झाकून ठेवू नये. फोन्सेका सुखवस्तू घरचे होते, आणि ज्यास उद्याच्या भाकरीची भ्रांत आहे त्यास त्यांच्याइतका धीर धरणे सोपे नाही. तरीही सधन घरातून निघून आश्रमाच्या साधेपणात राहणे त्यांनी पत्करले, हेही तितकेच खरे.

विषय त्यांनी फारसे बदलले नाहीत. माता आणि बालक पुन्हा पुन्हा काढावे, आणि दर वेळी मान थोडी निराळी लववावी, पदर निराळा घ्यावा, असा त्यांचा क्रम. कौतुकाच्या आशेवर चालणारा माणूस एवढी वर्षे एकाच विषयापाशी टिकता ना. १९५१ साली त्यांचा विवाह आयव्ही यांच्याशी झाला, व पुढे कित्येक चित्रांतील मरियेच्या मुखावर पत्नीच्या मुखाची छाया उतरली. त्यांस एक कन्या झाली.

१९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधानात सांगितले, की पवित्र सभेने कलेची कोणतीही एकच शैली आपली म्हणून मानलेली नाही. सर्व देशांच्या कलेस तिच्या मंदिरात मोकळीक असावी. फोन्सेका तीस वर्षे तेच करीत आले होते. त्यानंतर त्यांस थोडाच काळ लाभला. डिसेंबर १९६७ मध्ये मेंदूज्वराने पुण्यास त्यांचा अंत झाला.

मागे शेकडो चित्रे राहिली. पत्नीने ती जपली, आणि पुढे त्यांचा मोठा संग्रह पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रास दिला. ज्या गोव्यातून ती लुगड्यातील माता एकदा बाहेर पडली, त्याच गोव्यात आता तिला पाहावयास लोक येतात.