कुर्ट झेम
कुर्ट झेम (२३ मार्च, १९२७:म्युनिक, जर्मनी - १६ जुलै, २००३:टुसॉन, अमेरिका) हे जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आणि दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक होते. १९७० मध्ये ते कील विद्यापीठाच्या स्त्रीरोग विभागाचे प्रमुख झाले. पोटात नियंत्रित दाबाने कार्बन डायऑक्साइड वायू भरणारे स्वयंचलित यंत्र त्यांनी विकसित केले. त्यामुळे दुर्बीण व उपकरणे फिरवण्यास पोटात पुरेशी जागा मिळू लागली.

१९८० मध्ये त्यांनी मोठा छेद न घेता, लहान छिद्रांतून आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) काढले. अनेक शल्यचिकित्सकांनी ही शस्त्रक्रिया अनैतिक ठरवली. झेम यांना निलंबित करण्याचीही मागणी झाली. त्यांच्या कार्यातून प्रेरणा घेऊन एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये याच पद्धतीने पित्ताशय काढले. पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली.